१,५०० फुटांचं छत

फोन आला तेव्हा मी छोट्या विमानातलं आदल्या दिवसाचं उड्डाण लॉगबुकात उतरवत होते. पलीकडचे गृहस्थ जवळच्या मोठ्या विमानतळाच्या अप्रोच विभागातून, म्हणजे उतरणाऱ्या विमानांना दिशा देणाऱ्या कक्षातून, बोलत होते. आवाजात राग नव्हता. "काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही किती उंचीवर होतात?" मी न अडखळता सांगितलं, १,४०० फूट. नियंत्रित हद्दीचा, म्हणजे आम्हाला परवानगीशिवाय शिरता येत नाही अशा आकाशाचा, तळ तिथे १,५०० फुटांवर होता आणि त्याखाली १०० फूट राखून उडायची आम्हा सगळ्यांचीच सवय होती. ते म्हणाले, "आमच्याकडे तुम्ही १,५६० ला दिसताय. तुमच्यामुळे एका प्रवासी विमानाचं उतरणं थांबवून मला ते बाजूला वळवावं लागलं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चूक कुठे झाली हे कळायला मात्र वेळ लागला नाही. उंची दाखवणारा अल्टिमीटर म्हणजे मुळात हवेचा दाब मोजणारं यंत्र. जमिनीलगत दाबाच्या दर हेक्टोपास्कलमागे उंची सुमारे २७ फुटांनी बदलते. सकाळी निघताना त्या यंत्रावर जो दाब लावला होता, तोच परतताना तसाच राहिला. मधल्या वेळात दाब ६ हेक्टोपास्कलने चढला होता. म्हणजे काटा १,४०० दाखवत होता आणि मी प्रत्यक्षात १६० फूट वर होते. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानातून रडारला उत्तर पाठवणारं यंत्र, माझ्या काट्याकडे बघत नाही. तो ठरावीक दाबावरून मोजलेली उंची पाठवतो आणि रडार त्यात त्या क्षणाचा खरा दाब मिळवतं. त्यामुळे मी कुठे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा नेमकं माहीत होतं.

चूक माझीच होती आणि मी ती लेखी कबूल केली. पण कागदावर लिहिताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. मी १,४०० फुटांवर का उडत होते? त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, दृश्यमानता उत्तम होती, विमानाला ५,००० फुटांवर जायलाही काही अडचण नव्हती. तरी जंगलावरून इतक्या खालून मी जात होते, कारण वर जायची परवानगी मागितली होती आणि उत्तर आलं होतं, "स्टँड बाय, रिमेन आउटसाइड कंट्रोल्ड एअरस्पेस." म्हणजे थांबा, नियंत्रित हद्दीबाहेरच राहा. हे वाक्य आमच्या फ्लाइंग क्लबातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

जे छोटी विमानं उडवत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आकाशाचे ए ते जी असे सात वर्ग आहेत. आयकाओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, ही वर्गवारी १९९० मध्ये स्वीकारली. क्लास ए मध्ये फक्त उपकरणांच्या आधारे, आयएफआर नियमांनी उडणारी विमानं. बाहेर बघून उडणाऱ्यांना, म्हणजे आम्हा व्हीएफआरवाल्यांना, तिथे प्रवेश नाही. क्लास जी पूर्ण मोकळं. मधले वर्ग कमीअधिक बंधनांचे. आमच्या भागात विमानतळाभोवती क्लास डी आहे. तिथे आम्हाला जाता येतं, पण आधी रेडिओवर क्लिअरन्स घ्यावा लागतो. नियमात असं कुठेही नाही की छोट्या विमानाला नकारच द्यावा. पण क्लिअरन्स देणाऱ्याने "थांबा" म्हटलं की आपल्यापुरतं ते दार बंद. ९० नॉटने, म्हणजे ताशी ९० नॉटिकल मैलांनी, उडणारं विमान मिनिटाला दीड नॉटिकल मैल पुढे सरकतं. आकाशात थांबायला जागा नसते. मग आपण वळतो, किंवा खाली जातो.

आमच्याकडे खाली जाणं म्हणजे दोन हद्दींच्या मधली जेमतेम तीन नॉटिकल मैल रुंदीची पट्टी. वर १,५०० फुटांचं छत, खाली जंगल आणि जंगलाची जमीनच ४०० फूट उंच. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा प्रत्येक जण, ज्याला ज्याला नकार मिळाला तो, त्याच पट्टीतून जाणार. समोरून येणारा दुसराही. दोन्ही विमानं ९० नॉटने समोरासमोर आली तर एकमेकांकडे १८० नॉटने येतात. समोरचं विमान दिसणं, धोका ओळखणं, हात हलणं आणि विमानाने वळणं याला मिळून १२.५ सेकंद लागतात असं अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं. तेवढ्यात मधलं अंतर जवळपास १,१५० मीटरने संपतं. त्या अंतरावर समोरून येणारं छोटं विमान म्हणजे काचेवरचा ठिपका असतो.

आणि इंजिन बंद पडलं तर? आमचं विमान १ फूट खाली येताना सुमारे ९ फूट पुढे तरंगतं. १,३०० फुटांवर, म्हणजे जमिनीपासून ९०० फुटांवर असलं, तर अडीच किलोमीटरच्या आत उतरायला जागा सापडायला हवी. पट्टीच्या मधोमध तशी जागा नाही. प्रशिक्षण घेत असताना आमचे सर हे मला नकाशावर कंपासने वर्तुळ काढून दाखवायचे. वर्तुळात हिरव्या रंगाशिवाय काही नसायचं.

मला आलेल्या त्या फोननंतर क्लबात बैठक झाली. सगळे तावातावाने बोलले. हद्द बदला असं दोन पानी पत्र गेलं, त्यात वर्षांनुवर्षांचा राग होता. महिनाभराने उत्तर आलं, दोन ओळींचं: सुरक्षिततेच्या कारणास्तव सध्याची रचना योग्य आहे. आज ते पत्र पुन्हा वाचलं की वाटतं, त्यांच्या जागी मी असते तर मीही याहून वेगळं काही लिहिलं नसतं. आम्ही तक्रार केली होती, पुरावा एकही दिला नव्हता.

वहीची कल्पना सरांची. ते म्हणाले, "नकार कुठेच नोंदला जात नाही. चुकून आत घुसलेलं प्रत्येक विमान नोंदलं जातं, पण बाहेर थांबवलेलं एकही नाही. त्यामुळे कागदावर फक्त आपल्या चुका दिसतात." हे ऐकून मी गप्प झाले. खरंच, माझ्या घुसखोरीची फाईल तयार झाली होती. त्याआधी मला मिळालेल्या नकाराची कुठे एक ओळही नव्हती. त्या आठवड्यापासून क्लबच्या टेबलावर एक लांबट वही आली. तारीख, वेळ, कुठून कुठे, मागितलेली उंची, मिळालेलं उत्तर, किती वेळाने मिळालं, आणि मग काय केलं. शेजारच्या दोन धावपट्ट्यांवरच्या लोकांनाही तशाच वह्या दिल्या. सुरुवातीला आळस झाला, मग सवय लागली.

चार महिन्यांनी वह्या एकत्र केल्या तेव्हा आमच्या समजुतीला तडा गेला. आम्हाला वाटायचं, प्रवासी विमानांची गर्दी असते म्हणून नकार मिळतो. नोंदी तसं सांगत नव्हत्या. गर्दीच्या संध्याकाळीही परवानगी मिळालेली होती. नकार मुख्यतः सुट्टीच्या दिवशी, सकाळी उशिरा आणि दुपारच्या सुमारास होते, जेव्हा मोठी विमानं कमी आणि छोटी जास्त असतात. यामागचं कारण आमच्याकडे बसून कळणार नव्हतं. म्हणून मी ज्यांनी मला फोन केला होता त्याच कंट्रोलरना फोन केला आणि विचारलं, आम्ही तुमच्याकडे येऊन बसू शकतो का? ते लगेच हो म्हणाले.

रडारच्या खोलीत काळोख असतो असं मला वाटायचं. प्रत्यक्षात मंद उजेड होता आणि कमालीची शांतता. आम्ही दोघं त्यांच्या मागे हेडसेट लावून बसलो. थोड्या वेळाने एक सहकारी उठून विश्रांतीला गेला आणि त्याची फ्रिक्वेन्सी यांनी स्वतःकडे घेतली. सुट्टीच्या दिवशी कर्मचारी कमी असतात, म्हणून दोन जागा एकत्र केल्या जातात. आता एकच माणूस येणाऱ्या विमानांना दिशा देत होता, निघणाऱ्यांना वर चढवत होता, आणि त्याच कानात आमच्यासारख्यांचे आवाजही येत होते. त्यातला एक वैमानिक बोलायला लागला. नाव, विमानाचा प्रकार, कुठून निघालो, कुठे चाललो, वाटेत कुठे कुठे वळणार, किती जण आहोत, आणि सगळ्यात शेवटी, काय हवं आहे. मी घड्याळ बघितलं नाही, पण तेवढ्यात उतरणाऱ्या एका विमानाची वळण्याची वेळ टळून गेली आणि त्यांना त्याला लांबून फिरवून आणावं लागलं. पुढच्या छोट्या विमानाला त्यांनी "स्टँड बाय, रिमेन आउटसाइड" सांगितलं. मी तिथे बसले नसते तर ते उत्तर मला उद्धटपणाचं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं आणि मला एक तारीख सांगितली, ३१ ऑगस्ट १९८६. लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे एक छोटं पायपर विमान परवानगीशिवाय नियंत्रित हद्दीत शिरलं. त्याच्या ट्रान्सपॉन्डरमधून उंची कळत नव्हती. उतरत असलेल्या प्रवासी डीसी-९ ला ते धडकलं. दोन्ही विमानांतले ६७ आणि जमिनीवरचे १५, असे ८२ जण गेले. "तुम्ही ६० फुटांनी आत होतात," ते म्हणाले, "पण तुमची उंची मला दिसत होती. म्हणून मी काहीतरी करू शकलो." त्यानंतर छताबद्दल बोलताना माझ्या बोलण्याचा सूर बदलला.

पुढचं काम मात्र छताचंच होतं, आणि तिथे गणिताने वाट दाखवली. मोठी विमानं साधारण ३ अंशांच्या उताराने धावपट्टीकडे येतात, म्हणजे नॉटिकल मैलामागे सुमारे ३१८ फूट. या हिशोबाने धावपट्टीपासून १० मैलांवर विमान सुमारे ३,२०० फुटांवर हवं. मग तिथे छत १,५०० वर का? जुनी कागदपत्रं काढल्यावर उत्तर मिळालं. हद्द आखली तेव्हा विमानांना पायरीपायरीने खाली आणायचे. २,००० फुटांवर आणून तिथे सरळ उडवायचे आणि साधारण सहा मैलांवर उताराच्या रेषेत घ्यायचे. त्या २,००० च्या खाली ५०० फुटांचा मोकळा थर, म्हणून १,५००. आता विमानं इंधन वाचवण्यासाठी आणि जमिनीवरचा आवाज कमी व्हावा म्हणून सलग उतरत येतात. आम्ही शोधायला लागलो तेव्हा बाहेरच्या भागात इतक्या खाली येणारं विमान क्वचितच सापडलं. ती पायरी उरली होती फक्त प्रक्रियेच्या कागदावर. पण जोवर ती कागदावर आहे तोवर छत वर जाऊ शकत नाही. खरी मेख इथे होती. आम्ही हद्द बदला म्हणत होतो. आधी उतरण्याची प्रक्रिया बदलायला हवी होती.

शिकागो कराराचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या मूळ कराराचं, परिशिष्ट ११ मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. नियंत्रित क्षेत्राचा तळ जमिनीपासून किमान २०० मीटर, म्हणजे ७०० फूट हवा, एवढं आम्हाला माहीत होतं. त्याच्याच पुढे शिफारस आहे की व्हीएफआर विमानांना खालून मोकळेपणाने जाता यावं म्हणून, शक्य असेल तिथे तळ त्याहून वर ठेवावा. आमचं म्हणणं आंतरराष्ट्रीय नियमावलीत आधीपासून लिहिलेलं होतं. तो परिच्छेद आम्ही प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घातला.

प्रस्ताव असा झाला: उताराच्या रेषेत येण्याची उंची २,००० वरून ३,००० फूट करावी, त्यामुळे विमानं नऊ मैलांपलीकडेच रेषेत येतील. १० मैलांपुढे छत २,५०० फूट करावं. त्याच बाहेरच्या भागात, २,५०० च्या वर, क्लास डी ऐवजी क्लास ई असावा. क्लास ई मध्ये व्हीएफआर विमानाला क्लिअरन्स लागत नाही. पण तिथे ट्रान्सपॉन्डर सक्तीचा करावा, म्हणजे कंट्रोलरला आम्ही दिसू आणि प्रवासी विमानांतली टक्करविरोधी यंत्रणाही आम्हाला ओळखेल.

आणि इथेच घरच्या लोकांशी भांडण झालं. ग्लायडरवाले चिडले. ग्लायडरला इंजिन नाही, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं काही नाही. तासन्तास वर राहायचं तर ट्रान्सपॉन्डर बॅटरी खाऊन टाकतो, आणि जुन्या ग्लायडरांत तो बसवायला जागाही नसते. त्यांच्या एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी मला सरळ विचारलं, "तुमच्यासाठी दार उघडताना आमचं बंद करताय, हे तुम्हाला चालतं?" मला चालत नव्हतं. तीन बैठका फुकट गेल्या. शेवटी टेकड्यांच्या बाजूचा एक तुकडा ग्लायडरांसाठी राखायचं ठरलं: क्लबने सकाळी अप्रोचला फोन करायचा, तुकडा ठरावीक उंचीपर्यंत त्यांच्या हवाली, आणि संध्याकाळी फोन करून परत. त्या वेळात प्रवासी विमानं त्या तुकड्यातून नेली जाणार नाहीत. हे लेखी करारात बसवलं. तो तुकडा ग्लायडरवाल्यांना हवा होता त्याहून लहान आहे, हे मी मान्य करते.

सुनावणीत जमिनीवरचे लोकही आले. नव्या प्रक्रियेमुळे मोठी विमानं उंच राहणार होती हे त्यांना पटलं, पण छोटी विमानं आता कुठल्या घरांवरून जाणार असा एका बाईंचा प्रश्न होता. त्यांनी वेळेनुसार आवाजाची टिपणं आणली होती, आमच्या वहीसारखीच. त्यांच्यामुळे व्हीएफआर मार्गाची एक खूण वस्तीवरून हलवून नदीच्या वळणावर नेली. उड्डाणाच्या दृष्टीनेही ती जास्त चांगली निघाली, कारण नदीचं वळण लांबून ओळखू येतं.

आमच्या बाजूनेही बदल झाले, आणि मला ते प्रस्तावाइतकेच महत्त्वाचे वाटतात. सीमेपासून २ नॉटिकल मैल आणि तळापासून २०० फूट दूर राहायचं, १०० नाही. हद्दीजवळ जाण्याआधी दाब पुन्हा विचारून लावायचा. रेडिओवर पहिल्या हाकेत फक्त नाव आणि एका वाक्यात मागणी. बाकी विचारलं तर सांगायचं. परवानगी नको असली तरी अप्रोचची फ्रिक्वेन्सी ऐकत राहायचं आणि त्यासाठी ठरवून दिलेला कोड ट्रान्सपॉन्डरवर लावायचा, म्हणजे चुकत असलो तर ते हाक मारू शकतात. हे सगळं क्लबात प्रत्येकाकडून म्हणून घेतलं, नव्या-जुन्या सगळ्यांकडून. अप्रोचनेही सुट्टीच्या दिवशी दोन जागा शक्यतो वेगळ्या ठेवायचं कबूल केलं, आणि प्रत्येक नकाराची नोंद आता त्यांच्याकडे होते.

मंजुरीला लागलेला काळ मी इथे लिहीत बसत नाही. कागद एका टेबलावरून दुसऱ्यावर गेले, परत आले, धोक्यांच्या यादीत भर पडली, पुन्हा गेले. जगभर एअरस्पेसचे बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रातल्या तारखांनाच अमलात येतात, कारण नकाशे आणि विमानांतले डेटाबेस एकाच दिवशी बदलावे लागतात. आमची तारीख एकदा हुकली आणि पुढच्या चक्रात गेली. नवा नकाशा हातात आला तेव्हा सरांनी तोच कंपास काढला. १,९०० फूट जमिनीपासून, ९ ला १, म्हणजे पाच किलोमीटरच्या वर. वर्तुळाच्या कडेला दोन शेतं आणि एक लांब गवताळ पट्टा आत आला होता. त्यांनी पेन्सिलीने त्या तिन्हीवर खुणा केल्या आणि नकाशा माझ्याकडे दिला.

पहिल्याच आठवड्यात मी तोच मार्ग उडाले. हद्दीच्या आधी दाब विचारला, लावला, परत वाचून दाखवला. २,३०० फुटांवर जंगल खूप खाली होतं आणि गवताळ पट्टा डावीकडे स्पष्ट दिसत होता. समोरून येणारं एक विमान मला बऱ्याच लांबून दिसलं. ते माझ्याहून ५०० फूट खाली होतं. पूर्वी आम्ही दोघं एकाच उंचीवर असायचो. फ्रिक्वेन्सीवर तेच ओळखीचे कंट्रोलर होते. एका छोट्या विमानाने एका वाक्यात मागणी केली आणि त्यांनी एका वाक्यात परवानगी दिली.

पूर्वेकडचा कोपरा अजून १,५०० वरच आहे. तिथली उतरण्याची प्रक्रिया दुसऱ्या धावपट्टीची आहे आणि तिथे डोंगर असल्यामुळे आमचं गणित तसंच्या तसं लागू होत नाही. वर्षभराने सगळ्या बदलांचा आढावा ठरला आहे. वही टेबलावर आहे; पूर्वेकडच्या नोंदींसाठी आम्ही मागून वेगळी पानं सुरू केली आहेत.